धूमकेतू धरायचा सोऱ्या

चिपळूणच्या डेपोत कंडक्टरने माझ्या दुर्बिणीचं तिकीट मागितलं, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की पुढचा सगळा प्रवास याच वळणाने जाणार.

“माणूस असेल तर पूर्ण, बकरी असेल तर अर्धं,” तो म्हणाला. “हे नेमकं काय?”

“दुर्बीण. धूमकेतू बघायला चालली आहे.”

“मग खिडकीपाशी बसवा तिला,” असं म्हणून त्याने सामानाचं तिकीट फाडलं आणि माझा तो पत्र्याचा लांबलचक नळा टपावर कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी चढवला. नळ्यातला आरसा मी आधीच काढून, बायकोच्या मऊ लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता. कुंभार्ली घाटात शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, “किती महिन्यांचं?” मी म्हटलं, “तीन वर्षांचं. वाढ खुंटली आहे.” कराड येईपर्यंत त्या माउलीने मला दोन वैद्य आणि एक नवसाची देवी सांगितली, आणि उतरताना लुगड्यात हात घालून बघितला तर आत गारेगार! बाईंनी डोळ्यांना पदर लावला. यात एक अक्षर खोटं असेल तर कुंभार्ली घाट खाली बसेल.

तीन वर्षं मात्र खरीच. तो आरसा मी आणि शांताराम घड्याळवाल्याने मिळून घासला होता. आपल्या बाजारपेठेत शांतारामला कोण ओळखत नाही? बायकांच्या मनगटावरची तांदळाएवढी घड्याळं तो डोळ्याला भिंग लावून जोडायचा. आरसा घासून होईपर्यंत काचबिंदूने त्याची नजर खाल्ली. शेवटचा हात त्याने नुसत्या अंगठ्याच्या अंदाजाने फिरवला. दुर्बीण तयार झाली आणि तिच्यातून बघायला शांताराम उरला नाही. मंद, अंधुक असं काहीच त्याला दिसेना. टळटळीत उन्हात, नाकाशी धरलेलं, तेही भिंगातून, तेवढं फक्त दिसे.

आणि त्याच वर्षी तो शहात्तर वर्षांनी येणारा धूमकेतू आला.

“मला त्याचा फोटो आणून दे,” शांताराम मला म्हणाला. “मोठा कर. उन्हात धरून बघीन.”

“अरे, मी बघून येतो आणि तुला सांगतो की!”

“तू? तुझ्या तोंडून ऐकला तर त्याची शेपटी गुहागरपासून गोव्यापर्यंत जाईल. मला फोटो पाहिजे, मास्तर. फोटो वाढवून सांगत नाही.”

एवढ्यासाठी ही सगळी यातायात. आता मंडळी, धूमकेतूचा फोटो म्हणजे बारशाचा फोटो नव्हे. कॅमेऱ्याचं झाकण वीसेक मिनिटं उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढ्या वेळात पृथ्वी आपली फिरतच असते. मग ताऱ्यांच्या टिपक्यांऐवजी फोटोत रेघोट्या येतात. म्हणून कॅमेरा दुर्बिणीच्या पाठीवर बांधायचा, दुर्बिणीच्या भिंगात बारीक धाग्यांची फुली बसवून तिच्यावर एक तारा पकडायचा आणि तो फुलीवरून जरा हलला की दुर्बीण तेवढीच सरकवायची. वीस मिनिटं. डोळा न हलवता. याला मी आणि शांतारामने नाव दिलं होतं राखण, आणि फुलीवरच्या त्या ताऱ्याला राखणीचा तारा. परदेशात ही राखण करणारी दातेरी चाकं, मोटारी, उजळणाऱ्या फुलीची भिंगं तयार मिळतात. त्यांच्या जाहिराती मी मासिकात बघितल्या होत्या. तेवढ्यात चिपळूणमध्ये एक घर आलं असतं, पाठीमागे विहिरीसकट.

शांतारामची नजर असती तर असं चाक त्याने दुकानाच्या पायरीवर बसून कापलं असतं. ती नव्हती म्हणून मी औरंगाबादला निघालो. तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं. तिथे माझा मेहुणा रावसाहेब वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीला होता, आणि त्याने लिहिलं होतं, ‘दाजी, आमच्या वाळूजला काय म्हणाल ते घडवून भेटतं.’ शिवाय तिकडे पठार, कोरडी हवा, मोकळं आभाळ. धूमकेतू दिसणार दक्षिणेला, क्षितिजाशी; आपल्याकडे नेमके तिकडेच डोंगर, आणि डोंगरावर समुद्राचा दमटपणा गोधडी घालून बसलेला.

नगर सोडलं आणि सकाळ झाली. वाळूज लागलं तेव्हा मी खिडकीतून बघतच राहिलो. जिकडेतिकडे नवे पत्रे, अर्ध्या भिंती, पायाचे खड्डे, आणि त्या सगळ्यातून सायकलींवर डबे लावून निघालेली माणसं, इतकी की त्यांच्या घंट्यांनी आमच्या गाडीचा भोंगा ऐकू येईना. शेतातल्या ज्वारीच्या धसकटांना धक्का न लावता मधोमध कारखाना उगवला होता. आणि जिथे जिथे भिंत उभी झाली होती तिथे तिथे चुन्याने लिहिलं होतं, ‘नामांतर झालंच पाहिजे.’ पुढच्याच भिंतीवर दुसऱ्या हाताने नेमकं उलटं. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून या मुलखात माणसं मेली होती, घरं जळली होती, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. चुन्यातली ती मोठमोठी अक्षरं बघताना ते वाचलेलं एकदम जवळ आलं.

स्टँडवर रावसाहेब उभा होता. नाव रावसाहेब, हुद्दा स्टोअरमधला कारकून. घरी वैजापूरकडे बरी शेती, पण याला कारखान्याचा भोंगा प्रिय. टपावरून नळा उतरताना बघून त्याने कपाळाला हात लावला.

“दाजी! ही तोफ कामून आनली? शहर आधीच तंग हाय!”

“ही तोफ नाही, रावसाहेब. हिला चाक बसवायचं आहे.”

“तोफंलाच चाक असतं!” असं म्हणून त्याने ती रिक्षात घातली. निम्मी आत, निम्मी बाहेर. गारखेड्याला त्याच्या खोलीपर्यंत पोचेस्तोवर वाटेतल्या प्रत्येक माणसाने आम्हाला रस्ता दिला.

त्या संध्याकाळी शहागंजात त्याने मला नान-खलिया खायला घातला. खलिया म्हणजे मोठ्या देगीत तासन् तास शिजलेला मटणाचा पिवळसर तिखट रस्सा, आणि नान तंदुरातून काढलेला, वरून पिवळा, उशीएवढा. मी आपला कोकणी माणूस; पहिला घास घेतला आणि माझी टोपी आपोआप वर उचलली गेली. दुसऱ्या घासाला कानातून वाफ. तिसऱ्या नानला मी दुकानदाराला मिठी मारली. त्या संपूर्ण प्रवासात पोटभर म्हणावं असं सुख तेवढंच मिळालं. पुढचं सांगताना मला ते पुन्हा पुन्हा आठवतं, म्हणून इथे जरा रेंगाळलो.

दुसऱ्या दिवसापासून खरेदी. खरेदी म्हणजे काय घेता येणार नाही त्याची यादी. जुन्या बाजारातून रावसाहेबाने टेपरेकॉर्डरची मोटार आणली: स्वस्त, सेलवर चालणारी, आपोआप फिरणारी. दुपारी गच्चीत नळ्याला जोडून बघितली. सेल नवे तेव्हा आभाळ घाईघाईने फिरलं, सेल उतरले तसं रडत रडत थांबलं. घड्याळाची विजेची मोटार फार चोख, पण तिला वीज लागते, आणि फोटोसाठी जायचं त्या खुलताबादच्या डोंगरावर वीज नाही. फुलीचं काम मात्र सुरेख जमलं. माणसाचा केस दुर्बिणीत दोरखंडासारखा जाड दिसतो. रावसाहेबाची बायको कमलताई म्हणाली, “दाजी, हिमरूवाल्याकडं जावा की.” हिमरू म्हणजे इथली जुनी विणकामाची शाल, सूत आणि रेशमाची. विणकराने रेशमाचा एक धागा उकलून, उकलून, उकलून शेवटी हातावर ठेवला तो मला दिसेचना. “है, है, हाथ पे है,” तो म्हणाला, “सांस मत छोड़ो.” मी श्वास सोडला. दुसरा धागा काढावा लागला. त्या अदृश्य रेशमाची फुली भिंगात बसली, तिच्यामागे टॉर्चचा बारीक दिवा, आणि दिव्याला कमलताईच्या नखांचा लाल रंग. परदेशी कंपनीने बघितली असती तर मला पदराखाली झाकून नेलं असतं.

राहिलं चाक.

वाळूजला एका पत्र्याच्या शेडमध्ये रहीमभाईंचं वर्कशॉप होतं. मोठ्या कारखान्यांची फुटकळ कामं तिथे चालत. मी रात्र रात्र जागून काढलेला नकाशा त्यांच्यापुढे पसरला. रहीमभाईंनी तो उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला.

“कागद नक्को मास्टर. नमुना लाव. नमुना लाए तो तुमको ताजमहल बना के देतूं.”

“नमुना कुठून आणू? हे चाक आपल्या देशात कुणाकडे नाहीच!”

“तो फिर बनाएंगे कैसा?”

शेवटी त्यांच्याकडचा कारागीर सुदाम पुढे आला. तिशीचा असेल, हाताला ग्रीस, खिशाला निळा बिल्ला. त्याने कागद चहाखालून ओढून काढला आणि म्हणाला, “कापून बगतो. पन चाक बारीक करा, मास्तर. येवढं मोठं कशाला पाहिजे?”

मी ऐकतो थोडाच! धूमकेतूसाठी चाक करायचं आणि ते परातीएवढं करायचं नाही? मी ते गाडीच्या स्टिअरिंगएवढं सांगितलं होतं, वर्तुळभर दात, एकही कमी नको. सुदामने मान हलवून मशीन चालू केलं. तो एक एक दात कापताना मी शेजारच्या डब्यावर बसून त्याला शांतारामची हकिगत सांगितली. त्याला ती पटली असावी, कारण त्यानंतर त्याने मशीनवरून नजर काढली नाही.

चाकाला निम्मे दात फुटले होते, तेव्हा एका संध्याकाळी मी गेलो तर सुदाम हात धूत होता.

“उद्या मशीन बंद, मास्तर. नामांतराचा मोर्चा हाय आयुक्त कचेरीवर.”

चंद्र नसलेल्या पहाटा मोजक्याच उरल्या होत्या, माझी रजाही संपत आली होती. मी त्याच्यापुढे हात जोडले. “सुदाम, एक दिवस थांबता येत नाही का? अरे, तो शहात्तर वर्षांनी येतो!”

सुदामने हात पुसले. रागावला नाही. “तुमचा तारा शहात्तर वर्सानं का व्हईना, येनार हाय म्हणून ठरलेलं तरी हाय. आमचं नाव कवा येतंय ते कोन्या पंचांगात बगायचं, सांगा?”

मी जोडलेले हात खाली घेतले. मी म्हटलं, “जाऊन या.”

“येतो. आल्या आल्या तुमचं चाक.”

मोर्चा निघाला तो मी गच्चीतून नुसता ऐकला. लांबून येणारा तो आवाज मोठमोठा होत गेला आणि नंतर एकदम फुटला. दगड पडले, काठ्या चालल्या, पुष्कळांना गाडीत घातलं. दुसऱ्या दिवशी शहर बंद. तिसऱ्या दिवशीही. रहीमभाई शटर ओढून जालन्याला मुलीकडे गेले. सुदाम धरलेल्यांत होता. त्याच्या घरी भाकरी पोचती करायची सोय शेजाऱ्यांनी केली, एवढं रावसाहेबाला कारखान्यात कळलं.

त्या दुपारी खाटेवर पडल्या पडल्या माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि असा पडला की मी ताडकन उठून बसलो. वीस मिनिटांत आभाळ सरकतं किती? बोटभर! तेवढ्याला चाकाचे मूठभर दात पुरतात. निम्मं चाकही जास्त होतं. सुदाम म्हणत होता ते चिमुकलं चाक पहिल्याच दिवशी माझ्या हातात पडलं असतं. बाकीचे सगळे दात मी नुसत्या ऐटीसाठी कापून घेत होतो, आणि आता कापलेले आणि न कापलेले सगळेच एका शटरमागे कुलपात होते.

मी रावसाहेबाला सांगितलं.

“दाजी,” तो म्हणाला, “तुमी साळंत कोन्ता विषय शिकवता?”

“विज्ञान.”

“आसं व्हय,” म्हणाला आणि आत पाणी प्यायला गेला.

आतून कमलताईचा आवाज येत होता. ती चकल्यांसाठी सोऱ्या घासत होती. आपल्याकडे असतो तसाच, पितळी, वर आट्यांचा दांडा आणि आडवी मूठ. मूठ फिरवली की दांडा सावकाश, अगदी सावकाश खाली उतरतो. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो दांडा उतरताना बघत राहिलो. कमलताईने मान वर केली आणि तिला माझे डोळे दिसले.

“नाय! दाजी, नाय हां! माझा सोऱ्या नाय देनार मी!”

“ताई, एक पहाट फक्त!”

“चकल्यांचं पीठ भिजवलंय मी! काय, चांदण्यांच्या चकल्या पाडायच्यात का त्यात?”

रावसाहेब मध्ये पडला, शांतारामच्या डोळ्यांची गोष्ट निघाली, आणि सोऱ्या मिळाला. दुर्बिणीच्या बैठकीला एक लांब फळी ठोकली, फळीच्या टोकाला सोऱ्याचा दांडा टेकवला. मूठ फिरवावी, नळा केसाकेसाने सरकावा. वाळूजचे सगळे कारखाने, परदेशी जाहिराती आणि माझं अर्धं चाक बाजूला राहिलं, आणि धूमकेतूची राखण चकलीच्या सोऱ्यावर आली.

बंद जरा ढिला झाला त्या संध्याकाळी आम्ही रावसाहेबाच्या स्कूटरवरून खुलताबादला निघालो. तो पुढे, मी मागे, आमच्या दोघांच्या मध्ये नळा, या वेळी आरसा आत बसवलेला. छावणीच्या पुढे नाक्यावर पोलिसांनी अडवलं. चारही बाजूंनी बंदुका आल्या. खरं सांगायचं तर एकच काठी होती, पण मला चार बंदुका दिसल्या.

“ह्यात काय हाय?” हवालदाराने विचारलं.

“तारे बघायचं यंत्र आहे, साहेब.”

त्याने उघड्या तोंडातून आत डोकावलं. आतल्या आरशात त्याला स्वतःचीच मिशी दिसली, घोड्याच्या शेपटाएवढी. तो दचकून मागे झाला, मग परत वाकला, मिशीला पीळ दिला, आतल्यानेही दिला. शेवटी जमादाराला ओरडून म्हणाला, “सोडा यांना! आत आपलाच मानूस हाय!”

दौलताबादचा घाट चढून वर आलो की हवा बदलते. खुलताबादच्या वेशी, दर्ग्यांचे पांढरे घुमट, ऊद आणि चाफ्याचा वास, एकेक पणती लावून बंद होत चाललेली दुकानं. त्यापुढे मोकळं माळरान. तिथे रावसाहेबाच्या ओळखीच्या एका शेतात सखाराम धनगराने मेंढरं बसवली होती (खतासाठी कळप रात्री शेतात ठेवतात त्याला तसं म्हणतात). सखाराम, त्याची बायको, आणि त्याची आई गयाबाई. गयाबाईचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या अंदाजाने दौलताबादच्या किल्ल्याचा पाया तिच्यासमोर घातला असावा. तिने आम्हाला ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला, आणि मी हात धुऊन सगळ्यांना बजावलं, “पहाटे कुणी दिवा लावायचा नाही. कंदील नको, बत्ती नको, विडीसुद्धा नको. उजेड पडला की फोटो गेला.”

“काडी बी नाय वढनार, लेकरा,” गयाबाई म्हणाली. “पन त्या शेपटाच्या ताऱ्याकडं फार बगू नगं. चांगला नसतो त्यो.”

पहाटे उठलो तेव्हा आभाळ इतकं दाट भरलं होतं की मला ओळखीचे तारे सापडेनात. धूमकेतू अजून क्षितिजावरच्या धुळीतून वर यायचा होता. वर्तमानपत्रातल्या नकाशावरून त्याची जागा ठरवून मी कॅमेरा तिकडे वळवला, जवळचाच एक तारा राखणीला धरला, चष्मा काढून खिशात ठेवला, भिंगाला डोळा लावला. लाल उजेडात हिमरूची फुली. फुलीवर तारा. उजव्या हाताखाली सोऱ्याची मूठ. कॅमेऱ्याची कळ रावसाहेबाकडे.

“दाजी!” थोड्या वेळाने तो हळूच ओरडला. “निघाला! आयशप्पथ, शेपटीसकट!”

“दाब कळ!”

“दाबली! आवं, बगा तरी! काय दिसायलाय!”

“डोळा हलवता येत नाही. आधी फोटो. मग पोटभर बघतो.”

मी मूठ फिरवत राहिलो. शांतारामने मनगटी घड्याळ दुरुस्त करताना धरला नसेल असा श्वास मी धरला होता. मान आखडली, पायाला मुंग्या आल्या, मेंढरं मधूनच खोकत होती, आणि सोऱ्या काम करत होता! तारा फुलीवरून सुटायचा आणि मूठ फिरताच परत यायचा. जन्मात पहिल्यांदा माझं काहीतरी अगदी बरोबर चाललं होतं.

तेवढ्यात मागे गवत वाजलं. मला काहीतरी तडतडल्याचा आवाज आला. आणि मग आवाज, गयाबाईचा, माझ्या कानाशी:

“आल्याची, गेल्याची, वरल्याची, खालल्याची, शेपटाची, बिनशेपटाची...”

ती दृष्ट काढत होती. खापरात लालभडक निखारे, त्यांवर मीठ, मोहरी आणि मूठभर मिरच्या. पाहुणा इतका वेळ पापणी न हलवता त्या वाईट ताऱ्याकडे बघतोय म्हटल्यावर म्हातारीचा जीव राहिला नव्हता. मी सांगितलेलं तिने तंतोतंत पाळलं होतं: दिवा नव्हता, कंदील नव्हता, काडीही ओढली नव्हती. रावसाहेब “आजी, आजी!” करत धावेपर्यंत तिने ते खापर माझ्या डोक्यावरून, नळ्यावरून आणि कॅमेऱ्याच्या उघड्या डोळ्यासमोरून तीनदा ओवाळलं. मिरच्यांनी पेट घेतला. धूर थेट माझ्या डोळ्यांत.

मी खोकलो, शिंकलो, सोऱ्यावर आडवा झालो. गयाबाई थांबली आणि समाधानाने म्हणाली, “ठसका आला गं बाई. म्हंजी दृष्ट नव्हतीच लागली. बरं झालं, बगून घेतलं.”

मी रागावणार कुणावर? तिनेच मला खाली बसवलं, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि मेंढीच्या दुधाने माझे डोळे धुतले. “नीज, लेकरा, नीज,” करत राहिली. रावसाहेब शेजारी उभा राहून सांगत होता, “दाजी, अजून हाय. अजून हाय. डोळे उघडा ना.” डोळे उघडत नव्हते. उघडले तेव्हा समोर फटफटीत उजाडलेलं आभाळ होतं आणि त्यात एक घार.

पुढच्या पहाटे ढग आले. त्याच्या पुढच्याही. चैत्रात, कधी नव्हे ते. मग रजा संपली. सुदाम सुटून आला का ते मला निघेपर्यंत कळलं नाही. परतीच्या गाडीत मी आरसा मांडीवर घेतला नाही, नळ्यातच ठेवला. वाळूज मागे पडताना भिंतींवर नवा चुना लागलेला होता, दोन्ही हातांचा. मी खिडकी लावून घेतली. चिपळूणला पोचलो तर इथेही ढग आणि दमट, आणि आभाळ निवळलं तेव्हा चंद्र मोठा झाला होता आणि धूमकेतू लांब गेला होता.

स्टुडिओवाल्याने फोटो धुतला, मोठा केला, आणि पाकिटात पालथा घालून माझ्या हातात दिला.

शांताराम दुकानाच्या पायरीवर उन्हात बसला होता. फोटो त्याने नाकाशी धरला, डोळ्याला भिंग लावलं, आणि कडेपासून सुरुवात केली, घड्याळ उघडावं तसा, घाई न करता.

“हे टिपके आहेत,” तो म्हणाला. “रेघा नाहीत. गोल आहेत, मास्तर! राखण चोख केलीस की.”

त्याने भिंग मधे सरकवलं.

“आणि मधे हे काय? पांढरी वेटोळी?”

मी त्याला निखारे सांगितले, मिरच्या सांगितल्या, ठसका सांगितला. तो इतका हसला की भिंग पायरीवर पडलं. मग चाचपून ते उचललं आणि विचारलं, “धूमकेतू कुठे आहे?”

“वेटोळ्यांच्या खाली.”

“म्हणजे नाही.”

“नाही.”

त्याने फोटो मांडीवर ठेवला. समोरून एक सायकल गेली. “बरं, ते जाऊ दे,” तो म्हणाला. “तू बघितलास ना? मग सांग. हवा तेवढा वाढवून सांग. शेपटी गोव्याच्या पुढे ने. मी मध्ये बोलणार नाही.”

आयुष्यभर मी राईचे पर्वत केले, मंडळी. तुम्ही ते ऐकून घेतलेत. त्या दिवशी शांतारामने पर्वत मागितला आणि माझ्याकडे राई नव्हती.

“मी नाही बघितला, शांताराम.”

“खोटं.”

“नाही बघितला. रावसाहेबाने बघितला. माझा डोळा फुलीवर होता.”

त्याने भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसलं. मग म्हणाला, “म्हणजे सगळा वेळ तू राखणीच्याच ताऱ्याकडे बघत होतास?”

“हो.”

“कसा होता?”

“बारीक. पिवळट जरासा. थरथरायचा. डावीकडे सुटायचा, मग परत यायचा.”

“आणखी?”

“आणखी काही नाही. रोजचाच तारा.”

शांतारामने फोटो पुन्हा उचलला. “यात आहे तो?”

मी त्याचं बोट धरून वरच्या कडेपाशी नेलं, वेटोळ्यांपासून दूर. बोट काढून त्याने तिथे भिंग टेकवलं.

“हा?”

“हा.”

ऊन पायरीवरून खाली उतरेपर्यंत तो त्या टिपक्याकडे बघत होता. मी शेजारी बसून होतो.